गचका आला का, नलू?

फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. सोलेभात करायचा बेत होता, कारण हे कारंजाहून परत येणार होते आणि थंडीत यांना दुसरं काही सुचत नसे. फोनवर देवराव होते, कारंजा घाडग्याचे, यांचे शाळेपासूनचे मित्र. “वहिनी,” एवढंच म्हणाले आणि थांबले. मागून ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते. मग म्हणाले, “वहिनी, मंजूले बोलावून घ्या.” मंजू आमची एकुलती मुलगी, अमरावतीला असते. मी विचारलं, “काऊन? यांना बरं नाई का?” पलीकडे देवराव रडायला लागले. एवढ्या वयाच्या, हायवेवर ढाबा चालवणाऱ्या, मोठ्या आवाजाच्या माणसाला मी तसं रडताना कधी ऐकलं नव्हतं... आणखी काही विचारावं लागलं नाही.

माझे यजमान प्रभाकरराव गेले, त्याला आता काही आठवडे झाले. सेलूच्या बाजारात आमचं किराणा दुकान आहे, त्यामुळे अर्धा तालुका त्यांना ‘परभाकरभाऊ’ म्हणून ओळखायचा. ते कसे गेले हे देवरावांनी मला तेराव्याला आले तेव्हा नीट सांगितलं. देवरावांची जुनी गाडी बरेच दिवस त्रास देत होती. उभी असताना ठीक, सरळ चालताना ठीक, पण वेग घ्यायला गेलं की अडखळायची आणि मग एकदम उसळी मारायची. हे तेवढ्यासाठी सकाळच्या एस्टीने गेले होते. गेल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं नाही. “तू चालव, मी मांगं बसतो,” म्हणाले. मागच्या सीटवर डोळे मिटून, मान टेकवून बसले. एक चक्कर झाली. “आणखी एकदा,” म्हणाले. दुसऱ्या चकरेत देवरावांनी विचारलं, “काय भाऊ, समजलं का?” उत्तर आलं नाही. देवरावांना वाटलं, ऐकून राह्यले असतील. थोडं पुढे जाऊन त्यांनी पुन्हा विचारलं... आणि मग आरशात पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, काही कळलंही नसेल. सगळे मला हेच सांगतात, की कळलं नसेल. मी मान हलवते.

किराणा दुकानदाराचा आणि गाडीच्या गचक्याचा काय संबंध, असं वाचणाऱ्याला वाटेल. तो संबंध माझ्या पाठीमुळे आला. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा सेलूला शाळेत मराठी शिकवत होते. एका सकाळी अंगणात शेवाळलेल्या फरशीवरून घसरले आणि मणक्यातली गादी सरकली. नागपूरला ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा डाव्या पायाला चिमटा काढलेला कळत नव्हता. दर आठवड्याला वर्ध्याला नेऊन व्यायाम करवून घ्यायचा, त्यात खंड पडला तर पाय परत येईल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मला बसता येत नव्हतं, आडवंच न्यावं लागे. एस्टीचा प्रश्नच नव्हता. भाड्याच्या जीपमध्ये एकदा नेलं, तर परत येताना मी इतकी कळवळले की यांनी मध्येच जीप थांबवायला लावली.

महिनाभरात दारात गाडी आली. वर्ध्याच्या एका निवृत्त साहेबांची, दुधाच्या सायीच्या रंगाची, गोल नाकाची, बरीच म्हातारी झालेली. यांनी तोवर स्कूटरपलीकडे काही चालवलं नव्हतं. बाजाराच्या मागच्या मैदानात रोज सकाळी शिकले. मागच्या सीटच्या मापाची कापसाची गादी भरून आणली, पायाशी सीट अपुरी पडते म्हणून दुकानातल्या खोक्यांच्या फळ्या ठोकून वाढवून घेतली. मला दोन्ही हातांवर उचलून आत ठेवलं आणि म्हणाले, “आता तू महाराणी. झोपून जाजो, झोपून येजो.”

पहिल्याच फेरीत गावाबाहेर आलो, यांनी वेग वाढवायला पाय दाबला, आणि गाडी क्षणभर मेल्यासारखी झाली. मग धक्का देऊन पुढे झेपावली. तो धक्का माझ्या टाक्यांतून थेट डोक्यात गेला. मी ओठ चावला.

“गचका आला का, नलू?”

“नाई.”

“खोटं नको बोलू. आरशात दिसते तुहं तोंड.”

तिथून ते सुरू झालं. गावाच्या कडेला गजूभाऊ मिस्त्रींचं गॅरेज होतं, तिथे गाडी इतक्या वेळा गेली की बाजारातले लोक विचारायचे, परभाकरभाऊ दुकानात आहेत का गॅरेजात? गजूभाऊ भला माणूस. पेट्रोल वेळेवर पोचत नाही, कार्बोरेटरमध्ये कचरा असणार, असं त्यांचं पहिलं मत आणि ते कुणालाही पटण्यासारखंच होतं. कार्बोरेटर उघडला, फुंकून साफ केला. चार दिवस गाडी शहाण्यासारखी चालली, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग पेट्रोलची जाळी बदलली. पंप बदलला. टाकी खाली उतरवून धुतली, त्यातून चमचाभर गंज निघाला तेव्हा हे इतके खूश झाले की पुडीत बांधून मला दाखवायला घेऊन आले. “हा पाह्य तुहा दुश्मन!” दुसऱ्या फेरीला दुश्मन परत हजर. प्लग बदलले. गिऱ्हाइकं साखर-तेल घेता घेता सल्ले देऊन जात. कोणी म्हणे पेट्रोलमध्ये भेसळ आहे, कोणी म्हणे आधीच्या मालकाची नजर आहे, लिंबू बांधा. यांनी लिंबूसुद्धा बांधलं. मी हसले तर म्हणाले, “हास वं, हास. हसलीस म्हणजे तेवढं तरी साधलं.”

पण आतून ते खचत चालले होते. मला ते दिसत होतं, कारण त्या दिवसांत मला दिसण्यासारखं फारसं काही नव्हतंच. गाडीत झोपलं की वर छताचं पिवळट कापड आणि समोर यांची मान. वेग घ्यायची वेळ आली की त्या मानेचे स्नायू आधीच ताठ व्हायचे. मला दुखायच्या आधी यांना दुखायचं.

एका दिवशी पवनारच्या अलीकडे पुढे कापसाचा ट्रक होता, दोन्ही बाजूंनी गाठोड्यांनी फुगलेला, गोगलगायीसारखा चाललेला. हे त्याच्या पुढे जायला निघाले. गाडी ट्रकच्या बरोबरीला आली, समोरून एस्टी येताना दिसली, यांनी पाय दाबला... आणि गाडी मेली. एक क्षण, दोन क्षण. मग उसळली, पण तोवर पुढे जाणं शक्य नव्हतं, यांनी ब्रेक मारून गाडी ट्रकच्या मागे ओढली. एस्टी हॉर्न देत अगदी अंगावरून गेली. मी सीटखाली घसरले होते आणि ओरडत होते, ते माझंच ओरडणं आहे हे मला उशिरा समजलं. यांनी गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं, मला उचलून पुन्हा गादीवर ठेवलं आणि मग तिथेच रस्त्याच्या कडेला मातीत बसले. माझं पाऊल हातात धरून. डावं पाऊल. त्यांच्या हाताचा स्पर्श मला कळत नव्हता, नुसता दिसत होता. “आता तुले घेऊन ही गाडी नाई चालवत मी,” म्हणाले. “मारून टाकली असती मी तुले.”

त्यानंतर वर्ध्याच्या फेऱ्या बंद झाल्या. दुकान बंद करून हे आले की तिथे पाहून ठेवलेले व्यायाम घरी करवून घ्यायचे. माझा पाय उचलायचा, वाकवायचा, ठेवायचा. पण आम्हा दोघांनाही समजत होतं, की पाय मागे जातो आहे. अंगठा हलायचा, तोही हलेनासा झाला. रविवारी हे एकटेच गाडी घेऊन जात आणि तोंड पाडून परत येत. “एकट्यानं हाकली का मले काईच समजत नाई,” एकदा म्हणाले. “मले वाटते चांगली चालून राह्यली. तू मांगं असली म्हणजे समजते.”

“मग मी येते,” मी म्हटलं.

“पागल झाली का? मी म्हणलं ना तुले, नाई नेत.”

“वर्ध्याला नका नेऊ. केळझरच्या रस्त्यानं न्या, दुपारचा सुना असते. कोणाच्या पुढं जायचं नाई. तुम्ही चालवा, मी सांगते कुठं लागते ते. दुखते तर मलेच दुखते ना? मग मलेच सांगू द्या.”

ते नाही म्हणत राहिले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा यांच्याशी भांडून जिंकले.

रविवारची दुपार होती. गाडीत आधीच्या साहेबांनी बसवलेला एक जुना रेडिओ होता. इंजिन चालू झालं की त्यात गाण्याबरोबर एक करकर सुरू व्हायची, इंजिनाच्या चालीवर कमीजास्त होणारी. हे तो नेहमी बंद करत. त्या दिवशी मीच म्हटलं, राहू द्या, दुखण्यावरचं लक्ष तरी उडते. रस्ता रिकामा होता, दोन्ही बाजूंना तूर उभी होती. हे विचारत होते, “आता?” मी सांगत होते, “आला.” “आता?” “नाई.” केळझरची टेकडी दिसायला लागली, चढ लागला. चढावर गाडी दम खाईल म्हणून मी मूठ आवळून धरली होती, पण तिथे काहीच झालं नाही. एका लयीत वर गेली. आणि वर पोचल्यावर, सपाटीला, यांनी पाय जरा हलवला, तर गचका. मला नवल वाटलं. पेट्रोल कमी पडत असेल तर ते चढावर पडायला हवं. इथे तर गाडीला कष्ट पडतात तेव्हा काही होत नाही, यांचा पाय हलतो तेव्हा होतं.

आणि मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. गचका आला त्या क्षणी गाणं स्वच्छ ऐकू आलं होतं.

“अहो, पुन्हा करा.”

“दुखन तुले.”

“करा म्हणते ना.”

यांनी पाय दाबला. गचका बसला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मी कान रेडिओला लावून ठेवले होते. करकर थांबली होती. गाडी उसळली तशी परत सुरू झाली. मी सांगितल्याबरोबर हे रस्त्याच्या कडेला वळले. कडुलिंबाखाली गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि उभ्या गाडीतच पाय दाबून सोडून, दाबून सोडून ऐकू लागले. इंजिन अडखळे, करकर तुटे. बऱ्याच वेळाने मागे वळले. चेहरा असा, की मी अजून विसरले नाही.

“नलू, हे करकर कायची असते माईत आहे का? इंजिनातल्या ठिणगीची. पेट्रोल कमी पडलं असतं तरी ठिणगी चालूच राह्यली असती, करकर थांबली नसती. हे पेट्रोल नोय वं. ठिणगीच बंद पडून राह्यली. आपण इतके दिवस गलत दारावर उभे होतो.”

तिथून थेट गजूभाऊंकडे. रविवार असूनही ते आले. मी गाडीतच आडवी, खिडकीतून जेवढं दिसेल तेवढं पाहत होते. ठिणगी वाटून देणारा जो डबा असतो, त्याची टोपी काढली. आत सगळं जागच्या जागी दिसत होतं. गजूभाऊ म्हणाले, भाऊ, इथं तर काईच खराबी नाई. हे म्हणाले, बंद गाडीत नाई दिसनार, पाय हलते तवाच होते. पाय दाबला का याच्यात काय हलते? गजूभाऊंनी दाखवलं, की इंजिन एका रबरी नळीतून हवा ओढतं आणि आतली चकती जराशी फिरते. हे खाली वाकले, ती नळी काढली आणि सरळ तोंडात धरून ओढली. चकती फिरली, आणि गजूभाऊंनी तपासायला लावलेला बारीकसा दिवा विझला. नळी सोडली, दिवा लागला. पुन्हा ओढली, विझला. दोघंही चकतीवर वाकले. चकतीवर जाणारी एक बोटभर तार होती. वरचं आवरण शाबूत, आतले तांब्याचे धागे तुटलेले. चकती फिरली की ती ताणली जायची आणि धागे सुटायचे, परत आली की जुळायचे. कार्बोरेटर उघडताना हात लागून ती कधी नीट बसायची, म्हणून चार दिवस गाडी बरी वाटायची. ती तार हातावर घेऊन हे खिडकीशी आले. तोंडाला काळं लागलेलं, पेट्रोलच्या वासानं थुंकत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “एवढीशी होती वं,” म्हणाले. “एवढीशी.”

नवी तार लावली. गाडी रस्त्यावर घेतली, यांनी पाय दाबला, आणि गाडी पाण्यावरून जावं तशी गेली. पुन्हा दाबला, पुन्हा तशीच. मला फक्त एवढं आठवतं, की यांच्या मानेचे स्नायू सैल झाले. मग मला झोप लागली. ऑपरेशननंतर मी अशी झोपले नव्हते. जागी झाले तेव्हा उन्हं उतरली होती आणि बाहेरची झाडं ओळखीची वाटेनात. “कुठं आलो आपण?” मी विचारलं. हे हळूच म्हणाले, “माईत नाई. तू झोपली होती. थांबलो असतो तर जागी झाली असती.” घर केव्हाच मागे पडलं होतं. मी जागी होईस्तोवर ते नुसते चालवत राहिले होते, कुठेही न पोचता.

पुढच्या आठवड्यापासून वर्ध्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. पाय परत आला, हळूहळू, रुसलेल्या पाहुण्यासारखा. आधी अंगठा, मग टाच. पुढच्या वर्षी मी काठी टेकत केळझरच्या गणपतीच्या पायऱ्या चढले. हे मागे दोन्ही हात पसरून, पडलीच तर झेलायला. मी पुन्हा शाळेत गेले, निवृत्तीपर्यंत शिकवलं. आज मी चालते ती त्या गाडीमुळे, आणि त्या माणसामुळे.

गचक्याची गोष्ट पंचक्रोशीत पसरली. जुन्या गाड्या असलेले लोक दुकानात यायचे. “भाऊ, गाडी गचके देऊन राह्यली, काय करू?” हे वजनकाट्यावरून मान वर न करता विचारायचे, “मांगच्या सीटवर कोण बसते?” बायको बसते, आई बसते, असं उत्तर यायचं. “मग मले काय इचारतो? तिले इचार. चालवणाऱ्याले आपला पाय समजते, गचका मांगच्याले समजते.” लोकांना ती गंमत वाटे. ती गंमत नव्हती. अंगावर चादर घ्यायची, पंखा लावायचा, भाजीत तिखट किती, मंजूला कुठल्या कॉलेजात घालायचं... सगळ्या गोष्टींत पुढची सगळी वर्षं ते मला विचारत आले, “तुले कसं वाटते?” आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबत. बायकोच्या उत्तरासाठी थांबणारे पुरुष मी फार पाहिले नाहीत.

दिवाळीनंतर यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, महिनाभर गाडी चालवायची नाही असं सांगितलेलं. म्हणून त्या सकाळी एस्टी. मी म्हटलं, देवराव भावजींना म्हणावं गाडी इकडे घेऊन या. तर म्हणाले, “अडखळत्या गाडीत इतक्या दुरून काऊन बोलावू त्याले? मीच जातो.” स्वेटर घातला, काढला, पुन्हा घातला. दारातून म्हणाले, “येतो.” मी आतूनच “हो” म्हटलं. एवढंच. इतक्या वर्षांचा संसार, आणि शेवटचा शब्द ‘हो’... तोही स्वयंपाकघरातून.

मंजू अजून इथेच आहे. आणि ती म्हातारी गाडीही; यांनी ती कधी विकली नाही. परवा म्हणाली, “आई, गाडी बरेच दिवस उभी आहे, चालू करून ठेवू या, नाही तर बॅटरी बसेल.” तिला गाडी येते. पण माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी म्हटलं, मी करते. इतक्या वर्षांत मी त्या गाडीत पुढे, स्टिअरिंगमागे, कधीच बसले नव्हते. मंजूने कापड काढलं, किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाली, “क्लच दाबून धर आणि फिरव.” मी आत बसले. पाय पुढे केला. खाली काही लागलं नाही. आणखी पुढे केला, सीटच्या कडेपर्यंत घसरले, तरी नाही. हे उंच होते, घरातल्या प्रत्येक चौकटीतून वाकून जायचे. सीट त्यांच्या पायांच्या मापाने मागे सारलेली होती, आणि तशीच राहिली होती, कारण दुसरं कोणी तिथे कधी बसलंच नव्हतं.

मंजू वाकली, सीटखालची कडी शोधू लागली. “थांब, पुढं घेते. गंजलीय वाटतं... जरा जोर लावावा लागेल.”

“नको,” मी म्हटलं.

“अगं, पाय पोचत नाही तुझा.”

“माईत आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि कडीवरचा हात काढून घेतला. गाडी त्या दिवशी चालू झाली नाही. मंजू दाराला टेकून उभी राहिली आणि मी तशीच बसून राहिले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय अधांतरी. माझ्या टाचा आणि त्या पेडलांच्या मधे रिकामी उरलेली ती वीतभर जागा... ती त्यांची आहे.